एका पासपोर्टची गोष्ट : अराता इझुमी

तर मंडळी, पुण्यातलं बालेवाडी. मुंबई-बेंगळुरू हायवेला लागून असलेलं ते भलंमोठं स्टेडियम. २००९ नंतरची काही वर्षं आठवा, आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या भारतातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगची मॅच, दुपारचं ऊन, स्टँडमध्ये मोजकीच माणसं, इतकी शांतता की प्लेयर एकमेकांना ओरडून पास मागतायत ते पण वर ऐकू यायचं. आणि मिडफिल्डमध्ये एक जपानी पोरगा पळतोय, सतत पळतोय. बाजूला बसलेले काका विचारतात, हा फॉरेनर का? तेव्हा उत्तर सोपं होतं, हो. पुढं ते उत्तर बदललं आणि आपली गोष्ट तीच आहे.

अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधलं शिमोनोसेकी. हे बंदराचं गाव फुगू माशासाठी फेमस आहे, म्हणजे तो विषारी मासा जो कापायला आचाऱ्याला लायसन लागतं. आई जपानी, बाबा मूळचे गुजराती. त्यामुळे त्याला एक भारतीय नाव पण आहे, नीलकंठ खंभोळजा. आता हे नाव ऐकून डोळ्यासमोर कोण येतं बघा, फुटबॉलर तर नक्कीच नाही!

जपानमध्ये मोठं नाव झालं नाही. मग सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निइगाता हा क्लब, आणि २००६ ला थेट कोलकाता, ईस्ट बंगाल क्लब. जपानी फुटबॉलर परदेशी निघाला की जर्मनी, इटली, इंग्लंड असं डोक्यात येतं आपल्या, हा मात्र उलट्या दिशेनं निघाला, वडिलांच्या देशात. तिथून मुंबईला महिंद्रा युनायटेड, आणि २००९ ला पुणे एफसी. पुण्याचा कोच गोव्याचा डेरिक परेरा, तो आधी महिंद्राला होता. पुणे एफसी तेव्हा नुकतीच वरच्या लीगमध्ये आलेली आणि पहिल्याच सीझनला तिसरी! पुण्यात ही बातमी किती जणांना कळली देव जाणे, आपल्याकडं क्रिकेट सोडून बाकी सगळं आतल्या पानावर.

आता मेन मुद्दा. अराताला इंडियाकडून खेळायचं होतं. बाबा भारतीय, मग अडचण काय असं वाटेल, पण नियम असा की टीममध्ये यायचं तर भारतीय पासपोर्टच पाहिजे, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते, चालत नाही, आणि आपल्याकडं दोन नागरिकत्वं ठेवता येत नाहीत, जपानचा कायदा पण तसाच. म्हणजे एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. आणि सोडायचा कुठला, तर जपानचा पासपोर्ट, ज्याच्यावर जगातल्या बहुतेक देशांत व्हिसाशिवाय जाता येतं. आपल्याकडं लोक परदेशी पासपोर्टसाठी वर्षानुवर्षं फाइली घेऊन फिरतात आणि हा बरोबर उलटा अर्ज करत होता. २०१२ मध्ये ते झालं. त्यानंतर आईच्या देशात जायचं तर याला व्हिसा लागणार, जिथं जन्मला तिथंच.

[दृश्य : कोचीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम]

६ फेब्रुवारी २०१३, कोची, समोर पॅलेस्टाईन, कोच विम कूवरमान्स. अराता निळ्या जर्सीत. मॅच आपण ४-२ हरलो. पदार्पणाची मॅच फिल्मी असायला पाहिजे असं थोडीच आहे.

त्याच सीझनला पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागं. आणि नागरिकत्वामुळं क्लबचाही फायदा झाला, कारण परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते आणि अराता आता त्या मोजणीतच नव्हता.

पण इंडियाकडून किती मॅच? २०१३ आणि २०१४ मिळून नऊ. वय झालं होतं तिशीच्या वर, नागरिकत्वाच्या कागदांत चांगली वर्षं गेली. मला विचाराल तर हा सौदा भारताच्या फुटबॉल फेडरेशनला स्वस्तात पडला आणि त्याला महाग. अर्थात त्यानं तो हिशोब केला असता तर अर्जच केला नसता.

पुढं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. २०१५ ला अ‍ॅटलेटिको दि कोलकाता, तिथं गोल पण मारले, मग २०१६ ला एफसी पुणे सिटी म्हणजे परत बालेवाडी, मग केरला ब्लास्टर्स. जुनी पुणे एफसी तोवर बंद झाली होती, महिंद्रा तर त्याच्या कितीतरी आधी. ज्या दोन महाराष्ट्रातल्या टीमनी याला घडवलं त्या दोन्ही आज नाहीत.

खेळणं थांबल्यावर तो जपानला परत गेला नाही. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या अकादमीत पोरांचा कोच झाला.

आणि मग २०२५ चा नोव्हेंबर. रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियात वाढलेला फुटबॉलर, आई मूळची मुंबईची, त्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. सगळीकडं चर्चा, न्यूज चॅनेल, रील, आणि प्रत्येक बातमीत खाली कुठंतरी एक ओळ, की याआधी असं एकानं केलं होतं. बऱ्याच जणांनी अराता इझुमी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा सर्च केलं असेल.