बाळाच्या जांघेतली सूज आणि सोनोग्राफी

आंघोळ घालताना आईला बाळाच्या जांघेत फुगवटा दिसतो. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेलेला असतो. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येते आणि घरचे म्हणतात, तुला भास झाला असेल. मंडळी, मी स्वतः सोनोग्राफी करते आणि तरीही सांगते: अशा वेळी आधी आईवर विश्वास ठेवा. फुगवटा दिसताक्षणी तिने मोबाइलवर फोटो काढला, तर सर्जनला माझ्या रिपोर्टइतकाच त्याचा उपयोग होतो.

मुलग्याचे अंडकोष गर्भात पोटातून खाली उतरतात. त्यांच्यासोबत पोटाच्या अस्तराची एक नळी जांघेतून खाली येते आणि बहुधा जन्माच्या आसपास बुजते. ती अरुंद उघडी राहिली तर नुसतं पाणी उतरतं, ते हायड्रोसील. रुंद राहिली तर आतडं उतरतं, तो हर्निया. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जास्त, आणि उजवीकडे जास्त. हायड्रोसील बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप जिरतं. हर्निया जिरत नाही. पट्टा बांधून तर नाहीच, ऑपरेशनच लागतं.

तपासणीत जेल कोमट करून घेतो, लहान प्रोब जांघेवर हलकाच ठेवतो. एरवी बाळ शांत हवं असतं. इथे ते रडलं तर बरंच. रडताना पोटातला दाब वाढतो आणि लपलेलं बाहेर येतं. पाणी पडद्यावर काळंभोर दिसतं. आतडं असेल तर त्यात वायूचे पांढरे ठिपके सरकतात, आतड्याची वळवळ डोळ्यांदेखत दिसते. पायाला जखम होऊन अवधाण आलं असेल, तर मधोमध उजळ असलेली लांबट गाठ दिसते. मग मी पाय तपासायला सांगते. अंडकोष पिशवीत नसेल, तर तो कधी जांघेतच सापडतो. या सगळ्यात क्ष-किरण कुठेच नाहीत. सीटी स्कॅनची गरज क्वचितच पडते.

मुलींबद्दल थोडं थांबून बोलते, कारण ‘हर्निया मुलग्यांनाच होतो’ असं अजूनही ऐकू येतं. तान्ह्या मुलीच्या जांघेत सुपारीएवढी, न दुखणारी, हलणारी गाठ लागली, तर ते उतरलेलं अंडाशय असू शकतं. सोनोग्राफीत करड्या गोळ्यात बारीक काळे कोष दिसले की शंका उरत नाही. ती गाठ आत ढकलायला पुन्हा पुन्हा दाबू नका. अंडाशयाला पीळ पडू शकतो. डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, प्रवाह दिसला म्हणून पीळ नाहीच, असंही नाही. अशा मुलीला लवकर बालशल्यचिकित्सकाकडे न्या.

आणि फुगवटा कडक झाला, लाल झाला, आत जाईना, बाळ कळवळून रडतंय, हिरवी उलटी झाली, तर सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. बाळाला दूध-पाणी न देता थेट ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. सोनोग्राफी लागलीच, तर ती तिथे होईल.