वेल्ह्यापुढचं टपाल

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, सिटी पोस्ट. दुपार.)

लक्ष्मी रस्त्यावरची दुपारची गर्दी. दुकानांसमोर गाड्यांच्या दोन-दोन रांगा, आणि त्यातून वाट काढत सिटी पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत पोचलेला हा कर्मचारी. पेटीवरची पत्र्याची पाटी बघा. पुढचं टपाल कधी निघणार, ती वेळ तिच्यावर असते. कुलूप निघतं, खाली थैली लागते आणि आतला ढीग एकदम सरकतो. बँकांची पाकिटं. वकिलाची नोटीस. कुठल्याशा स्पर्धेसाठी पाठवलेली पोस्टकार्डं. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली एक लग्नपत्रिका.

वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला तिकीट पाच रुपयांचं. सदाशिव पेठेतून नारायण पेठेत जायला पाच, नागालँडमधल्या मोनला जायलाही पाचच. हा नियम जुना आहे. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशात पत्राला फक्त वजनावर ठरणारा एकच दर लागू झाला, अंतर कितीही असो. त्याआधी जितकं लांब तितकं महाग असं चालायचं. म्हणजे ज्याचं माणूस सगळ्यात लांब, त्याच्याच खिशाला सगळ्यात मोठी चाट. दीडशेहून अधिक वर्षं आपण हा अन्याय होऊ दिलेला नाही.

(दृश्य : शिक्के मारणारे हात.)

ठक्. ठक्. शाईच्या गादीवर एकदा, तिकिटावर एकदा. नजर पुढच्या पाकिटावर गेलेली असते आणि शिक्का बरोबर तिकिटाच्या कोपऱ्यावरच पडतो.

या ढिगातला एकच अंक आपण पुढे पाहणार आहोत. पुण्यातून निघणारं एक मासिक. कव्हर कागदी पट्टीचं. पट्टीवर पत्ता जिल्हा परिषदेच्या शाळेचा, वेल्ह्याच्या पुढे, मढे घाटाच्या वाटेवरच्या गावातल्या. कागदोपत्री हा आता राजगड तालुका, पण बोलताना सगळे वेल्हंच म्हणतात.

अंकाच्या कोपऱ्यातला टपाल नोंदणी क्रमांक बारीक अक्षरात असतो, म्हणून कॅमेरा जवळ नेला आहे. वेळेवर निघणाऱ्या, नोंदणी झालेल्या नियतकालिकाला पोस्टात वेगळा दर आहे. ५० ग्रॅमपर्यंत २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे, त्यापुढे दर १०० ग्रॅमला २० पैसे. हा अंक २०० ग्रॅमच्या आतला आहे. त्याचं टपाल होतं ७० पैसे. पुण्यात दोन-दोन खोल्यांच्या कार्यालयांतून चालणारी वैचारिक, वाङ्मयीन, शेतीची, मुलांची मासिकं कशावर तगली आहेत, याचं अर्धं उत्तर या ७० पैशांत आहे. अशा मासिकाची वार्षिक वर्गणी कुरियरच्या खर्चात कधीच बसणार नाही. वर्गणीदाराने भरलेले पैसे अंक पोचवण्यातच संपतील.

(दृश्य : अप्पा बळवंत चौक. पुस्तकांचे गठ्ठे, सुतळी.)

पुस्तकांचं तसं राहिलं नाही. छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. प्रकाशक आणि वाचक दोघांनीही ओरड केली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये. ते शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे.

(दृश्य : पुणे स्टेशन. रात्र. रेल्वे डाक सेवेचं वर्गीकरण.)

स्टेशनवर बाहेर रिक्षांची झुंबड, आत ट्यूबलाइटखाली ही माणसं. लाकडी खणांसमोर उभं राहून एकेक पाकीट योग्य खणात टाकणं हे बघताना सोपं वाटतं. पाकिटाचा वरचा भाग कोणी वाचतच नाही. नजर थेट खाली जाते, सहा आकड्यांवर.

हे सहा आकडे कुठून आले, तेही सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. त्यामागचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच मराठी गृहस्थ. केंद्रात दळणवळण मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर, आणि संस्कृतचे व्यासंगी लेखक. अडचण साधी होती, पण देशभर पसरलेली. गावांची नावं सारखी, लिप्या वेगळ्या, अक्षर कोणाचं कसं तर कोणाचं कसं. लांब कशाला जायचं, आपल्या पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे, वडगाव रासाई आहे. नुसतं ‘वडगाव, पुणे’ लिहिलेलं पत्र कुठे टाकायचं? आणि हे पत्र बंगालीत किंवा तमिळमध्ये लिहिलेलं असलं तर?

वेलणकरांनी देशाचे नऊ विभाग केले, आठ भौगोलिक आणि नववा लष्कराचा. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चारमध्ये. पहिले तीन आकडे मिळून वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो : पुणे शहराला ४११, भोवतालच्या गावांना ४१२. शेवटचे तीन आकडे पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे. ४११००१ म्हणजे पुणे जीपीओ, ४११००२ म्हणजे आपण दुपारी होतो ते सिटी पोस्ट. पत्र कोणत्याही लिपीत असो, आकडा वाचला की काम झालं.

आज कुठल्याही कंपनीच्या ॲपवर पत्ता भरायला घ्या, आधी पिनकोड विचारतात. ही सगळी मांडणी सरकारी खात्याने, लोकांच्या पैशातून केली आणि सगळ्यांना खुली ठेवली. तिच्यावर उभं राहून जे आज धंदा करतात, त्यांनी पोस्टाला कालबाह्य म्हणू नये.

(दृश्य : पहाट. लाल गाडी. सातारा रस्ता, चेलाडी फाटा, नसरापूर.)

आपला अंक ४१२ च्या खणात पडला आणि पहाटे गाडीत चढला. चेलाडी फाट्याला गाडी हायवे सोडते. नसरापूर मागे पडलं की उजेडात डोंगर उघडे होऊ लागतात. समोर दिसतोय तो तोरणा.

(दृश्य : वेल्हे. थैली उघडताना.)

वेल्ह्याच्या पोस्टात थैलीची गाठ सुटते आणि गावोगावच्या शाखांच्या छोट्या थैल्या भरल्या जातात. प्रत्येक थैलीत टपालाबरोबर एक चिठ्ठी, आत काय काय दिलं त्याची. मघाशी लाखभर पत्त्यांतला एक असलेला अंक आता एवढ्याशा थैलीत सात-आठ जिनसांबरोबर आहे.

कुरियरबद्दल इथेच बोललं पाहिजे. कोथरूड, बाणेर, हडपसरमध्ये खासगी कुरियर झटपट येतं, फोनवर पार्सल कुठे आहे ते दिसतं, हे मान्य. पोस्टाने ते उशिरा शिकलं. पण या रस्त्याला लागल्यावर चित्र बदलतं. एका पिनकोडाखाली कितीतरी गावं आणि त्यांच्या वाड्या. पिनकोडात सेवा आहे असं कंपनी सांगते, आणि फोन येतो : ‘बाजारच्या गावात थांबलोय, येऊन घेऊन जा.’ नाहीतर दूरच्या भागाचा वाढीव आकार लागतो. त्यात त्या कुरियरवाल्या पोराचा दोष नाही, त्याला पार्सलमागे पैसे मिळतात आणि पेट्रोल स्वतःचं असतं. एका पाकिटासाठी हा घाट चढणं कुठल्याच हिशोबात बसत नाही. म्हणूनच ते काम कोणावर तरी कर्तव्य म्हणून सोपवावं लागतं. देशात एक लाख साठ हजारांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास खेड्यांत. खासगी कंपन्यादेखील खेड्यातली पार्सलं पोस्टाच्या हाती देतात, ती उगाच नाही.

(दृश्य : शाखा डाकघर. घराची पडवी.)

हे शाखा डाकघर. पडवी घरची, टेबल घरचं, बाहेर लाल पाटी. ग्रामीण डाक सेवक दादांनी थैली उघडली, चिठ्ठी ताडून पाहिली, आणि आधी शाळेकडे न जाता मोटारसायकल वरच्या आळीला वळवली. कारण आज आजींचा पैसा आला आहे.

‘आलं का रं माझं पैकं?’

‘आलं, आजी. आधी अंगठा टेकवा.’

यंत्र अंगठा घेत नाही. भातलावणीत, शेणामातीत रेषा झिजलेल्या. आजी पदराला अंगठा पुसतात, परत टेकवतात. पुन्हा नकार. मग तर्जनी. मग डाव्या हाताची तर्जनी, आणि यंत्र बीप करतं. दादा नोटा मोजून आजींच्या हातात ठेवतात, आजी त्या परत मोजतात. १ सप्टेंबर २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि निराधार योजनेचे पैसे असे उंबऱ्यावर मिळू लागले. नाहीतर आजींना एसटी धरून तालुक्याच्या बँकेत रांग लावावी लागायची. पोस्टाला हे नवीन नाही. मनीऑर्डर १८८० पासूनची, बचत खातं १८८२ पासूनचं.

(दृश्य : शाळा.)

अंक पोचला. पट्टी कोणी फाडायची यावरून काय झालं, ते बघा.

(दृश्य : पुन्हा रस्ता. दादा मोटारसायकलवर.)

पोस्ट तोट्यात आहे, दरवर्षी हजारो कोटींच्या. शाळा आणि दवाखानेही नफा करून दाखवत नाहीत, तरी ते चालवायचे असतात. १८९८ च्या कायद्याने पत्रवाटपाचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता. १८ जून २०२४ ला लागू झालेल्या नव्या कायद्यात ती तरतूद उरली नाही. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आणि नोटीस पाठवणाऱ्या सामान्य माणसाचा स्वस्त मार्ग गेला.

दादांची नेमणूक दिवसाच्या चार-पाच तासांची, मोबदला दहा-बारा हजारांपासून सुरू. नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा नाही, तसं निवृत्तिवेतन नाही. देशात असे सुमारे अडीच लाख ग्रामीण डाक सेवक आहेत. त्यांना खात्याचे कर्मचारी म्हणून घ्या, ही त्यांची मागणी जुनी आहे आणि आमचीही आहे. आणि नियतकालिकांच्या दराला कोणी हात लावू नये.