साखरेचं कुपन आणि मार्शल योजना

मित्रहो, बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी रेशनच्या दुकानातून तांबडी मिलो यायची. आई भाकरी थापायला बसली की भाकरी कडेनं चिरत जायची, आणि आई पाण्याचा हात लावून लावून ती चीर बुजवायची. ही ज्वारी अमेरिकेतून येते, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक होतं. पुढे इतिहास शिकवायला लागलो आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. बोटीत धान्य भरून परक्या मुलखाला पाठवायचं, हे तिकडे कोण ठरवतं? अध्यक्ष ठरवतो, संसद ठरवते, हे झालं पुस्तकी उत्तर. पण संसदेतला माणूस मतं मागायला कुणाच्या दारात जातो? त्या दाराच्या आत, स्वयंपाकघरात, काय चाललेलं असतं? आज त्या स्वयंपाकघरातून दुसरं महायुद्ध आणि त्यानंतरची तीन-चार वर्षं बघायची आहेत.

डिसेंबर 1940. ब्रिटनवर बॉम्ब पडताहेत, तिजोरी रिकामी होत आली आहे, आणि अमेरिकेतल्या लोकांना युद्धात पडायचं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट पत्रकारांसमोर बसतात आणि घरगुती गोष्ट सांगतात. शेजाऱ्याच्या घराला आग लागली, तर मी त्याला माझी बागेतली पाण्याची नळी देईन. आधी नळीचे पंधरा डॉलर टाक, असं म्हणणार नाही. आग विझल्यावर नळी परत मिळाली की झालं. आपल्याकडे वाटीभर साखर उसनी देतात ना, तोच हिशेब. 11 मार्च 1941 ला त्याचा कायदा झाला, लेंड-लीज. जवळपास 50 अब्ज डॉलरचा माल त्या कायद्याखाली ब्रिटन, रशिया, चीन अशा देशांना गेला. एवढा मोठा निर्णय लोकांच्या गळी उतरवायला त्यांना दाखला शेजारधर्माचा घ्यावा लागला. मला यात चलाखी दिसत नाही. लोकांशी बोलायचं तर त्यांच्या अंगणात उभं राहून बोलावं लागतं, हे त्या माणसाला पक्कं कळलं होतं.

मग 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नाविक तळावर जपानचा हल्ला, आणि अमेरिका युद्धात. त्यानंतर काही आठवड्यांत पहिलं रेशनिंग कशाचं झालं असेल? साखरेचं नाही, मटणाचं नाही. मोटारीच्या टायरचं. कारण अमेरिकेचं नव्वद टक्क्यांच्या आसपास रबर मलाया आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, इथून यायचं, आणि तो मुलूख जपान गिळत चालला होता. पुढे डिसेंबर 1942 पासून देशभर पेट्रोलवर बंधन आलं. टेक्सासमध्ये तेलाच्या विहिरी भरून वाहत होत्या, तरीही साध्या माणसाला आठवड्याला तीन-चार गॅलन. पेट्रोल कमी नव्हतं, टायर झिजू नयेत म्हणून गाडीच कमी फिरवायची होती. वेगाची मर्यादा ताशी 35 मैल. कॉफी ब्राझीलहून यायची आणि जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या, म्हणून माणशी पाच आठवड्यांना एक पौंड कॉफी. फिलिपिन्स गेलं तशी तिथली साखर गेली. ओहायोतल्या बाईनं मलायाचा नकाशा कधी पाहिला नसेल, पण मलाया गेल्याचं तिला नवऱ्याच्या गाडीच्या टायरवरून कळलं.

ते रेशनचं पुस्तक जरा जवळून बघा. मे 1942 मध्ये लोक गावोगावच्या शाळांत रांगा लावून उभे राहिले, शिक्षिकांनी नावं लिहून घेतली. घरात साखर किती आहे ते आधी सांगायचं, जास्त असेल तर त्या प्रमाणात तुमची कुपनं तिथेच फाडली जायची. माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे पाव किलोहून थोडी कमी. 1943 मध्ये डबाबंद मालाला निळी कुपनं आली आणि मटण, लोणी, चीज यांना तांबडी. प्रत्येक कुपनावर एक आकडा, म्हणजे त्याचे पॉइंट, आणि एक अक्षर, म्हणजे ते कधी चालेल ते. नुसते पैसे असून भागेना, पॉइंट हवेत. कुठल्या मालाला किती पॉइंट, तेही बदलत राहायचं. पुढे सुट्ट्या पॉइंटसाठी लहान बटणाएवढ्या तांबड्या-निळ्या चकत्या निघाल्या. तव्यात उरलेली चरबी बायका डब्यात साठवून खाटकाकडे नेऊन द्यायच्या, तिच्यापासून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. त्या बदल्यात तांबडे पॉइंट मिळायचे. परसातल्या भाजीच्या वाफ्यांना ‘विजयाच्या बागा’ म्हणायचे. 1943 मध्ये अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या.

काळाबाजार नव्हता का? भरपूर होता. पण शहाणपणाची गोष्ट अशी की सरकारनं हे काम गावातल्याच माणसांवर सोपवलं. पाच हजारांहून जास्त स्थानिक मंडळं, बहुतेक बिनपगारी. ज्याला जास्त पेट्रोल हवं त्यानं आपल्या ओळखीच्याच माणसांसमोर उभं राहून कारण सांगायचं. आणि बऱ्याच खिडक्यांत निळ्या ताऱ्याचं फडकं लावलेलं. एक तारा म्हणजे घरातला एक माणूस लष्करात. तो मेला की निळ्यावर सोनेरी तारा शिवायचा. समोरच्या खिडकीत सोनेरी तारा असताना साखर कमी पडते म्हणून कुरकुर करायला जीभ रेटत नसणार. त्या युद्धात चार लाखांवर अमेरिकन सैनिक गेले.

बायका कारखान्यांत गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पोरं कुठे ठेवायची, हे फार कुणी विचारत नाही. पोर्टलंडच्या कायझर कंपनीच्या जहाजं बांधायच्या गोदीत नोव्हेंबर 1943 मध्ये पाळणाघरं निघाली. तिन्ही पाळ्यांना उघडी. पाळी संपली की आई पोराला घ्यायला यायची आणि आधी सांगून ठेवलं असेल तर शिजवलेलं जेवणही घरी न्यायची. युद्ध संपलं आणि 1945 मध्येच ती बंद झाली. लढाईसाठी जे एका वर्षात जमलं ते शांततेच्या काळात टिकवता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ज्यांचं घरच काढून घेतलं त्यांच्याबद्दल बोललं पाहिजे, ते टाळून पुढे जाता येणार नाही. 19 फेब्रुवारी 1942 चा रूझवेल्ट यांचा आदेश क्रमांक 9066. पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाचे लोक, त्यांतले दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक, उचलले आणि छावण्यांत नेले. हातात मावेल तेवढंच सामान. सांता अनिता इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कुटुंबं आधी तबेल्यांत राहिली, मग मॅन्झानारसारख्या काटेरी तारेच्या छावण्यांत. तिथे घराला चूल नव्हती. मोठ्या खानावळीत घंटा वाजली की रांगेत थाळी घ्यायची. पोरं आपापल्या मित्रांच्या टेबलावर जायला लागली आणि आई-बाप दुसरीकडे. एकत्र जेवणं मोडलं तसा बापाचा शब्द मोडला, घर मोडलं. आणि तरी त्या बराकींच्या खिडक्यांतही निळे तारे होते, कारण त्यांचे मुलगे जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या 442 व्या रेजिमेंटमधून इटलीत आणि फ्रान्समध्ये लढत होते. 1988 मध्ये सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. तोवर 46 वर्षं गेली होती.

1945 संपत आलं. जपान शरण आला, मग नवरा घरी का येत नाही? ‘बाबांना परत आणा’ म्हणत बायकांचे क्लब निघाले. बायकांनी वॉशिंग्टनला तान्ह्या बाळांचे बूट पोस्टानं पाठवले. जानेवारी 1946 मध्ये मनिलात खुद्द सैनिक मोर्चे काढू लागले. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीतले अधिकारी जॉर्ज केनन यांची ती प्रसिद्ध लांबलचक तार आली, सोव्हिएत संघाला थोपवून धरण्याच्या धोरणाला जिनं पाया दिला. थोपवायचं कशानं? सव्वा कोटींच्या घरातलं लष्कर 1947 च्या मध्यापर्यंत पंधरा लाखांच्या आसपास आलं होतं. माझं मत स्पष्ट आहे. शीतयुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेचा जोर फौजेपेक्षा डॉलर आणि गव्हावर पडला, त्याला बऱ्याच अंशी ते बाळबूट कारण आहेत.

आणि गहूही सहज मिळाला नाही. लोकांना आता पुरे झालं होतं. 1946 च्या उन्हाळ्यात युद्धकाळातलं भावनियंत्रण उठलं, परत आलं, आणि गुरं पाळणाऱ्यांनी जनावरं बाजारात आणणंच थांबवलं. खाटकांची दुकानं ओस पडली. रूझवेल्ट यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या ट्रुमन यांनी 14 ऑक्टोबरला मटणावरचं नियंत्रण काढलं, पण उशीर झाला होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहं जिंकली. युरोपला कर्ज, मदत, जे काही द्यायचं ते आता या नव्या सभागृहांकडून मंजूर करून घ्यायचं होतं. दुसरीकडे परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरकर्ज मिळत होतं, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविटाउनमध्ये एकसारखी घरं भराभर उभी राहत होती. तिथल्या करारात मात्र गोऱ्यांखेरीज कुणाला राहू देऊ नये असं कलम होतं. काळा सैनिक फ्रान्सात नॉर्मंडीच्या आघाडीवरून आला असला तरी त्याला तिथे दार बंद.

5 जून 1947 ला परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल हार्वर्ड विद्यापीठात बोलले, युरोप उपाशी आहे, त्याला उभं करायला हवं. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या घरांतलं साखरेचं रेशन उठलं. तारखांचा हा योग बघा. शेवटचं कुपन सुटतंय आणि पुन्हा काही द्या म्हणून सांगणारा माणूस दारात उभा! ऑक्टोबरमध्ये ट्रुमन टीव्हीवर आणि रेडिओवर बोलले. मंगळवारी मटण नको, गुरुवारी कोंबडी-अंडी नको, वाचलेलं धान्य युरोपला. या वेळी कुपन नाही, सक्ती नाही. त्या वर्षी थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि नवं वर्ष, तिन्ही गुरुवारी! सणाला टर्की करायची की नाही? कुक्कुटपालक तर भडकलेच. न खाल्लेली कोंबडी जिवंत राहून जास्त दाणे खाईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी जिवंत कोंबड्या खोक्यांत भरून व्हाइट हाउसला पाठवल्या. कोंबडीचा उपास मागे घ्यावा लागला.

तरीही लोकांनी दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर 1947 मध्ये लॉस एंजेलिसहून ‘मैत्रीची गाडी’ नावाची आगगाडी निघाली आणि वाटेतल्या गावांनी पीठ, साखर, डबाबंद दूध तिच्यात भरलं. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत रेल्वेचे शेकडो डबे भरले होते, तो माल फ्रान्स आणि इटलीला गेला. 3 एप्रिल 1948 ला मार्शल योजनेच्या कायद्यावर सही झाली. पुढच्या चार वर्षांत सुमारे 13 अब्ज डॉलर गेले.

फेब्रुवारी 1949 मध्ये मैत्रीच्या गाडीचे आभार म्हणून फ्रान्सहून एक बोट न्यूयॉर्क बंदरात आली. तिच्यात रेल्वेचे 49 डबे होते. तेव्हाच्या 48 राज्यांना एकेक, आणि उरलेला राजधानी वॉशिंग्टन आणि हवाईला मिळून. जुने लाकडी डबे, पहिल्या महायुद्धात ‘चाळीस माणसं किंवा आठ घोडे’ एवढ्या मापानं आघाडीवर धाडलेले. त्यांत लाखो फ्रेंच घरांनी आपल्या घरातलं काहीबाही दिलं होतं. हातानं विणलेली लेस, लाकडी बूट, मुलांनी काढलेली चित्रं, आणि बाहुल्या, पुष्कळ बाहुल्या.