एकशे पन्नासावा बोअर

मित्रहो, आज ज्या कंपनीबद्दल बोलायचं आहे तिच्याकडे खाण नसते. विकायला धातू नसतो, वर्षाअखेरीस नफा नसतो. एक-दोन भाड्याच्या खोल्या, पाच-सात भूवैज्ञानिक, परक्या मुलखातल्या एखाद्या पट्ट्याचा शोध-परवाना आणि ठेकेदाराकडून आणलेली ड्रिलिंगची रिग, एवढीच तिची मालमत्ता. पैसा येतो शेअर विकून. तो संपत आला की पुन्हा शेअर काढायचे, जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा पातळ होतो. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात अशा शेकडो कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. त्यांना 'ज्युनिअर' म्हणतात. त्यांतल्या बहुतेकींना काहीच सापडत नाही.

मग त्यांचा उपयोग काय, असं मला विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर असं की रिकामे बोअर मारणं, म्हणजे रिगने जमिनीत खोल भोक पाडून खाली काहीच न सापडणं, हेच या कंपन्यांचं काम आहे. खनिजशोधात रिकामा बोअर फुकट जात नाही. तो कुठे मारला, किती खोल गेला, कोणता खडक लागला, हे नीट नोंदवून ठेवलं तर पुढचा माणूस त्याच्या जोरावर पुढे जातो. मंगोलियातल्या ओयू तोलगोई या तांब्या-सोन्याच्या साठ्याचा इतिहास यासाठीच सांगावासा वाटतो.

दक्षिण गोबीत, चीनच्या सीमेपासून साधारण 80 किलोमीटरवर, सपाट वाळवंटात काही बुटक्या टेकड्या आहेत. तिथल्या दगडांवर तांब्याचे हिरवे-निळे डाग आहेत, आणि कांस्ययुगातल्या माणसांनी तिथे खणल्याच्या खुणाही आहेत. म्हणजे इथे तांबं आहे हे गुपित कधीच नव्हतं. दोंदोग गरमजाव या मंगोलियन भूवैज्ञानिकाने 1980च्या दशकात सोव्हिएत-मंगोलियन मोहिमेत ही जागा पाहिली. पुढे 1996 मध्ये मॅग्मा कॉपर या अमेरिकन कंपनीच्या भूवैज्ञानिकांना त्यानेच तिथे नेलं. त्याच सुमारास मॅग्मा कॉपर बीएचपी या बलाढ्य ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतली आणि टेकड्या बीएचपीच्या हाती आल्या. 1997-98 मध्ये बीएचपीने तिथे 23 बोअर मारले. तांबं लागलं, पण मोठ्या कंपनीला खाण काढण्याइतकं लागलं नाही. तांब्याचे भाव पडले होते, खर्चाला कात्री लागली होती. 1999 मध्ये बीएचपीने तिथला गाशा गुंडाळला.

इथे खाणउद्योजक रॉबर्ट फ्रीडलंड यांची आयव्हानहो माइन्स ही ज्युनिअर कंपनी आली. 2000 साली तिने बीएचपीशी करार केला. अटी साध्या होत्या: आधी ठरलेला शोधखर्च करायचा, 50 लाख डॉलर द्यायचे, आणि पुढे खाण झालीच तर उत्पन्नावर 2 टक्के रॉयल्टी. बीएचपीची हीच रॉयल्टी आयव्हानहोने 2003 मध्ये 3 कोटी 70 लाख डॉलरना विकत घेतली. सोडून दिलेल्या माळरानाच्या कागदाची तीन वर्षांतली ही किंमत आहे.

आयव्हानहो कशाच्या मागे होती तेही सांगतो. पृष्ठभागाजवळ पावसाच्या पाण्याने तांबं विरघळतं, खाली झिरपतं आणि एका थरात पुन्हा साठतं. या थरात चाल्कोसाइट नावाचं खनिज असतं. ते आम्लाने धुऊन तुलनेने स्वस्तात तांबं काढता येतं. छोट्या कंपनीला झेपेल असा हा प्रकल्प होता. त्यासाठी 2000 मध्ये त्यांनी शंभराहून अधिक उथळ बोअर मारले. थर सापडला, पण त्यात कुणाची झोप उडावी असं काही नव्हतं. 2001 उजाडलं. पैसे संपत होते, आणि शेअर बाजारात खाणकंपन्यांना कुणी विचारत नव्हतं.

मग नैऋत्येच्या टेकडीवर 150 क्रमांकाचा बोअर खोल नेला. 70 मीटरपासून पुढे सलग 508 मीटर धातुक, म्हणजे धातू असलेला दगड, लागलं. सरासरी तांबं 0.81 टक्के, आणि टनामागे 1.17 ग्रॅम सोनं.

हा आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींचा चेहरा पडला असेल. एक टक्कासुद्धा नाही! म्हणून थोडं थांबू. 0.81 टक्के म्हणजे एक टन दगडातून जेमतेम 8 किलो तांबं. पण जगातलं बरंचसं तांबं अशाच गरीब दगडातून येतं. त्याला पोर्फिरी प्रकारचा साठा म्हणतात. खोलवरचा शिलारस वर चढतो, त्यातून गरम खारं पाणी सुटतं, भोवतालच्या खडकाला हजारो बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांत चाल्कोपायराइट, बोर्नाइट ही तांब्याची खनिजं बसत जातात. ओयू तोलगोईत हे सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी घडलं. अशा साठ्यात प्रत कमी असते, पण दगड प्रचंड असतो. म्हणून टक्क्याइतकंच महत्त्व 'सलग 508 मीटर' या शब्दांना आहे. आडतीवर पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढतात आणि त्यावरून अख्ख्या पोत्याचा भाव ठरतो. इथे पोतं तालुक्याएवढं आहे आणि परखी मनगटाएवढी जाड. ती अर्धा किलोमीटर आत जाऊनही दाणा बदलत नाही, तेव्हा माणूस हादरतो.

आणि खरा मोठा साठा तर अजून पुढेच होता. जमिनीत वीज सोडून खडक ती किती धरून ठेवतो हे मोजायची एक पद्धत आहे, तिला आम्ही आयपी सर्व्हे म्हणतो. त्या मोजणीत उत्तरेकडे खोलवर काहीतरी दिसत होतं, पण वर जमिनीवर एक हिरवा ठिपका नव्हता. 2002 मध्ये तिथे 270 क्रमांकाचा बोअर मारला. 638 मीटर, तांबं 1.61 टक्के! त्याच वर्षी मोटार अपघातात वारलेल्या ह्यूगो डमेट या भूवैज्ञानिकाचं नाव या साठ्याला दिलं आहे.

आता माझा मुद्दा. आयव्हानहोचे भूवैज्ञानिक बीएचपीच्या भूवैज्ञानिकांपेक्षा हुशार होते म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. नकाशे बीएचपीचेच होते. 23 बोअर कुठे चुकले हे कळत होतं, कारण ते मारले गेले होते आणि त्यांच्या नोंदी होत्या. फरक गरजेचा होता. मोठ्या कंपनीच्या यादीत ओयू तोलगोई ही अनेक जागांपैकी एक होती आणि कात्री लागली की अशी जागा पहिली कापली जाते. छोट्या कंपनीला दुसरं ठिकाण नसतं, तिला पुढचा बोअर मारावाच लागतो. जगात अनेक साठे असे दुसऱ्या-तिसऱ्या कंपनीच्या हाती लागले आहेत. आधीच्यांचे रिकामे बोअर नसते, तर एकशे पन्नासाव्यापर्यंत कुणी पोचलंच नसतं.

या धंद्याची काळी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती तुम्हाला माहीत असलीच पाहिजे. कॅलगरीच्या ब्री-एक्स या ज्युनिअर कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे अफाट सोनं सापडल्याचं जाहीर केलं होतं. 1997 मध्ये उघड झालं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. अब्जावधी डॉलर बुडाले, कित्येकांची आयुष्यभराची शिल्लक गेली. भूवैज्ञानिकांनी यातून एक गोष्ट मनात कोरून ठेवावी. बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा, म्हणजे कोअर, उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, ही रीत आहे. ब्री-एक्स अख्खा कोअर दळून टाकत होती. तपासायला मागे काही राहतच नव्हतं. या घोटाळ्यानंतर, 2001 मध्ये, कॅनडाने नियम कडक केले. जाहीर होणाऱ्या आकड्यांमागे जबाबदार, पात्र तज्ज्ञाचं नाव आणि सही लागू लागली.

दुसरा धोका जमिनीला असतो. फ्रीडलंड यांचीच पूर्वीची एक कंपनी, गॅलॅक्टिक रिसोर्सेस, अमेरिकेत कोलोराडोतल्या समिटव्हिल इथे सोन्याची खाण चालवत होती. 1992 मध्ये तिने दिवाळं काढलं. सायनाइड आणि धातू मिसळलेलं पाणी आवरायचं काम सरकारी पर्यावरण संस्थेच्या गळ्यात पडलं आणि बराचसा खर्च करदात्यांनी सोसला. छोटी कंपनी धाडस करू शकते, कारण तिच्यापाशी गमावण्यासारखं थोडंच असतं. आणि नुकसान भरून द्यायलाही तिच्यापाशी थोडंच असतं. म्हणून जमीन पूर्ववत करण्याचा पैसा रिग उतरण्याआधीच जमा करून घेतला पाहिजे, याबाबत माझं मत ठाम आहे.

गोबीकडे परत येऊ. साठा शोधणं एक आणि खाण बांधणं वेगळं. आयव्हानहोला ते एकटीने झेपणारं नव्हतं. 2006 मध्ये रिओ टिंटो ही बडी खाणकंपनी आली. 2009 मध्ये मंगोलिया सरकारशी गुंतवणूक करार झाला, त्यात देशाला 34 टक्के हिस्सा मिळाला. उघड्या खाणीतून उत्पादन 2013 मध्ये सुरू झालं. ह्यूगो डमेट साठ्यापर्यंत पोचायला जमिनीखाली सुमारे 1,300 मीटर जावं लागलं, सात अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला, आणि तिथलं उत्पादन 2023 मध्ये सुरू झालं. म्हणजे 270व्या बोअरनंतर वीस वर्षांनी. दरम्यान मंगोलियाने आपल्या हिश्श्यासाठी घेतलेलं कर्ज फुगत गेलं. शेवटी 2022 मध्ये रिओ टिंटोने 2.4 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं, तेव्हा भुयारी काम पुढे सरकलं. आणि खाणीच्या परिसरातल्या खानबोग्दचे मेंढपाळ? खाणीसाठी उंदाई नदीचा प्रवाह वळवला गेला. कुरणं आणि पाणवठे यांच्यासाठी त्यांनी 2012 मध्ये जागतिक बँक गटाच्या तक्रार-यंत्रणेकडे दाद मागितली, आणि 2017 मध्ये समझोता झाला. उंट-मेंढ्यांवर जगणाऱ्या माणसासाठी पाच वर्षं हा फार मोठा काळ आहे. साठा सापडल्याची बातमी साऱ्या जगाने वाचली, ही बातमी फार थोड्यांनी वाचली.

आता आपल्याकडे बघू. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय, भारतीय खाण ब्यूरो, सरकारी ड्रिलिंग करणारी एमईसीएल, तिन्ही नागपुरात आहेत. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांब्याच्या खुणा आहेत. तरी ज्युनिअर कंपन्यांची परंपरा आपल्याकडे उभी राहिली नाही. याचं कारण मला खडकात दिसत नाही, कायद्यात दिसतं. 2015 नंतर खाणपट्टे लिलावाने जाऊ लागले. मनमानी वाटपाला आळा बसला, ते योग्यच झालं. पण शोध घेणाऱ्याला सापडलेल्या साठ्यावर हक्क उरला नाही, मग स्वतःचा पैसा घालून रिकामे बोअर कोण मारणार? 2023 च्या दुरुस्तीने तांब्यासह 29 खनिजांसाठी शोध-परवाना आणला. मार्च 2025 मध्ये अशा 13 ब्लॉकच्या, म्हणजे शोधासाठी आखलेल्या पट्ट्यांच्या, पहिल्या लिलावाची सुरुवात गोव्यात झाली. यात शोधणाऱ्याला खाणपट्टा आपोआप मिळत नाही. पुढे त्या साठ्याचा लिलाव होतो, आणि खाणवाल्याच्या लिलाव-रकमेतला एक वाटा शोधणाऱ्याला मिळतो.

हे पाऊल मला मोलाचं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही. ओयू तोलगोईत एकशे पन्नासाव्या बोअरपासून पहिल्या उत्पादनापर्यंत बारा वर्षं गेली. पाच-सात माणसांची कंपनी दुसऱ्याची खाण सुरू होण्याची वाट बारा वर्षं कशी पाहणार? शोध लागताच ठरावीक रक्कम हाती पडेल अशी सोय हवी. त्या बदल्यात प्रत्येक बोअरची नोंद आणि अर्धा कोअर सरकारी भांडारात जमा करण्याची सक्ती हवी, आणि परवाना सुटल्यावर ती नोंद सगळ्यांना खुली हवी. डिसेंबर 2023 पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती-भांडार इंटरनेटवर खुलं आहे. त्यात विदर्भाचे नकाशे, रासायनिक विश्लेषणं, जुने अहवाल आहेत. आज रात्री ते उघडा, एखादा सोडून दिलेला ब्लॉक निवडा, तिथले बोअर किती खोलीवर थांबवले ते बघा, आणि पुढच्या वेळी तेच प्रश्न घेऊन या.