उजनीच्या काठावर व्होल्ट-अँपिअरचा हिशोब

हे उजनीचं बॅकवॉटर, करमाळा तालुक्याची बाजू, आणि महिना मे. दिवाळीत जिथं पाणी होतं तिथं आता नुसता भेगाळलेला गाळ, आणि त्यावरून लांबपर्यंत ज्या काळ्या रेघा गेल्यात ना त्या सगळ्या मोटारींच्या केबली. पाणी हटलं की मोटर पुढं सरकवायची, केबलला तुकडा जोडायचा, आठवड्यानं परत तेच. धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं आणि पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं की काही जणांची केबल अर्धा किलोमीटर झालेली असते.

मोटर जळाली की सगळे म्हणतात लाईट कमी होती. खरंय, कमी असतेच. पण किती कमी, आणि कुठं कमी? ते मोजता येतं, आणि ते मोजलंच पाहिजे, यासाठीच हा व्हिडिओ.

हा स्टार्टर, 5 एचपीची मोटर चालू आहे. मीटर दोन फेजवर लावलाय, 380 व्होल्ट. खरं तर 415 पाहिजेत, नियमात 6 टक्के कमी चालतं म्हणजे 390, इथं तेवढेही नाहीत. आता टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता अँपिअर मोजणारा चिमटा, एका फेजच्या वायरीभोवती, फक्त एकाच, तिन्ही वायरी एकदम चिमट्यात घेतल्या तर आकडा शून्याजवळ दाखवतो. 9 अँपिअर.

आता खाली पाण्याजवळ, शेवटच्या जॉइंटवर दुसरा वायरमन उभाय, दोघं फोनवर, एकाच वेळी रीडिंग घेतायत कारण व्होल्टेज मिनिटामिनिटाला हलतो. तिकडं 331. म्हणजे 49 व्होल्ट या गाळावरच्या अर्धा किलोमीटर केबलनं खाल्ले.

ओहमचा नियम साधा आहे, व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रेझिस्टन्स. 1827 मध्ये जर्मनीतल्या एका शाळामास्तरनं, गेओर्ग ओहमनं, तो पुस्तकात छापला. पण आपली लाईन थ्री फेज आणि मीटर दोन फेजमध्ये लावलेला, म्हणून एका वायरीपुरते व्होल्ट काढायला 49 ला आधी 1.73 नं भागायचं, मग मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरं काम करणारा वाटा, धरलाय 0.85, त्यानं भागायचं. एका वायरीत साधारण 33.3 व्होल्ट पडले. भागिले 9, आले 3.7 ओहम. आता केबलवर छापलेलं बघा, तांबं, अडीच स्क्वेअर एमएम. अशा केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण 7.4 ओहम असतो, अर्ध्या किलोमीटरला 3.7. जुळलं की नाही! म्हणजे केबल खराब नाही, जॉइंटही चांगलेत, केबल बारीक आहे एवढंच.

आणि पॉवर? व्होल्ट गुणिले अँपिअर, 33.3 गुणिले 9, असे तीन वायरींचे मिळून 900 वॅट. मोटर चालू आहे तोवर एवढी वीज ही केबल नुसती गरम व्हायला घेते.

शेजारच्या शेतातला हा जॉइंट बघा, टेप वितळलीय. मोटर चालू असताना जॉइंटच्या दोन्ही बाजूंना मीटर धरला तर साडेचार व्होल्ट, करंट 9च. म्हणजे अर्धा ओहम आणि 40 वॅट, अंगठ्याएवढ्या जागेत. रेडिओवाल्याची 25 वॅटची सोल्डरिंग कथील वितळवते, इथं 40 आहेत.

हे रिवायंडिंगचं दुकान. जळकी कॉइल बाहेर काढतायत, काळी पडलेली तार, नवीन तार लाल चमकते, वेढे मोजून भरायचे, वॉर्निश मारायचं. मिस्त्रींनी दुरुस्तीला आलेल्या एका मोटरचे तिन्ही फेज सुटे केलेत. 12 व्होल्टची बॅटरी, अँपिअर मीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर मात्र थेट कॉइलच्या टोकांवर, नाहीतर वायरींचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो. पहिल्या फेजला 11.4 व्होल्ट, 3.8 अँपिअर, म्हणजे 3 ओहम. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला 11.2 आणि 4.5, भागाकार अडीचच्याही खाली. या फेजमधले वेढे एकमेकांत शॉर्ट झालेत, मोटर न जोडताच कळलं.

आता कोणी विचारेल, 3 ओहमच्या कॉइलला शेकड्यांनी व्होल्ट मिळतात मग शंभर अँपिअर का जात नाहीत? कारण फिरणारी मोटर आतून उलटा व्होल्टेज उभा करते, बॅटरीवर ती फिरत नाही. पंख्यात गाळ अडकून मोटर जाम झाली की तो उलटा जोर जातो आणि करंट पाच-सहा पट उसळतो. म्हणूनच हीटरचा हिशोब मोटरला लावायचा नाही, हीटरला व्होल्ट कमी दिले तर अँपिअर कमी होतात, मोटरला तेवढंच पाणी उचलायचंय म्हणून ती जास्त ओढते. 415 च्या जागी 331 म्हणजे करंट सव्वापट आणि वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्याही वर, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते.

मोटर जळाली की भरण्याचा खर्च आणि ऐन मेमध्ये आठ दिवस ऊस वाळतो, आणि उघड्या जॉइंटनं माणसं-जनावरं गेलीत तेही आहेच.

परत काठावर येऊ. हीच लांबी, पण तांब्याची 6 स्क्वेअर एमएम केबल असती तर? रेझिस्टन्स 1.54 ओहम, त्याच 9 अँपिअरला पडझड 20 व्होल्टची, मोटरला 360 मिळाले असते आणि वाया गेलेले वॅट 900 चे पावणेचारशे. ॲल्युमिनियम घ्यायची तर 10 स्क्वेअर एमएम, तिचा रेझिस्टन्स जवळपास तेवढाच. त्यामुळं पुढचा तुकडा जोडायच्या आधी वायरमनला बोलवा, स्टार्टरचे व्होल्ट, मोटरजवळचे व्होल्ट आणि अँपिअर, तीन आकडे तारखेसकट स्टार्टरच्या पेटीत खडूनं लिहून ठेवा. डीपीवरूनच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरूनच कमी येत असेल तर तक्रारीच्या अर्जात हेच आकडे लिहायचे.