कोरा सोडलेला ताज

हे जे दिसतंय ते यमुनेच्या पलीकडच्या काठावरून, मेहताबबागेतून. पहाट आहे, धुकं आहे, आणि ताज आहे की नाही हे कॅमेऱ्यालाच कळत नाहीये, फोकस सारखा पुढे-मागे जातोय बघा. हा शॉट खरं तर फुकट गेलेला, पण आम्ही मुद्दाम ठेवला, कारण या फिल्ममध्ये जी जी माणसं येणार आहेत, चितारी म्हणा, ठसे काढणारे म्हणा, फोटोवाले म्हणा, त्या सगळ्यांची भानगड हीच होती. पांढऱ्या आभाळासमोर पांढरी इमारत. काढायची कशी?

मुमताज गेली १६३१ च्या जूनमध्ये, बुऱ्हाणपूरला, चौदाव्या बाळंतपणात. आधी तिथेच तापीकाठी दफन केलं, मग आग्र्याला नेलं. १६३२ ला काम सुरू, मुख्य इमारत १६४३ पर्यंत, बाकी सगळा परिसर धरून १६५३. हे तुमचं शाळेत झालंय आणि बुऱ्हाणपूरला आम्ही गेलोही नाही, त्यामुळे पुढे.

आता हे पान बघा. हा पादशाहनामा, शाहजहानच्या राजवटीची दरबारी हकिकत. ही प्रत १७९९ मध्ये अवधच्या नवाबाकडून इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जकडे गेली आणि आज विंडसरच्या राजसंग्रहात आहे. ४४ चित्रं आहेत हिच्यात. लग्नं आहेत, वराती आहेत, शिकार आहे, पिसाळलेल्या हत्तीसमोर घोड्यावर भाला घेऊन उभा राहिलेला पोरसवदा औरंगजेब आहे. आणि हे, थांबा, हे ओळखा. आपला दौलताबाद! १६३३ चा वेढा, वर किल्ला, खाली धूर आणि तोफा. म्हणजे देवगिरीचा डोंगर काढायला बादशहाच्या चित्रकारांना वेळ होता, आणि आग्र्यात नदीकाठी रोज वर चढत चाललेला संगमरवर, तो मात्र ४४ पैकी एकाही चित्रात नाही. बरं, या प्रतीत राजवटीची पहिली दहाच वर्षं आहेत आणि तेव्हा इमारत अर्धवट होती, हे कबूल. पण नंतरचंही, शाहजहानच्या दरबारी चित्रकाराने काढलेलं ताजचं चित्र आज आपल्याकडे नाहीये. ज्याने बांधला त्याच्या माणसांनी काढलेलाच नाही, असं काहीसं झालंय.

म्हणून मग हा नकाशा महत्त्वाचा. कापडावर काढलेला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, जयपूरच्या सवाई मानसिंह दुसरे संग्रहालयात आहे. यमुना मधून वाहतेय आणि दोन्ही काठांवर ओळीने बागा, हवेल्या, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं. त्या ओळीत हा ताज. सगळ्या सरदारांच्या बागांच्या रांगेत हीसुद्धा एक बाग, जरा मोठी, इतकंच! एबा कोख नावाच्या इतिहासकार बाईंनी याच नकाशावरून आग्र्याचा अख्खा नदीकाठ पुन्हा जुळवला, कारण त्यातल्या कितीतरी बागांचा आज मागमूस नाही. नकाशा काढणाऱ्याचं नाव? हा प्रश्न आपल्याला बरेचदा पडणार आहे.

मग आले साहेब. १७८३ मध्ये विल्यम हॉजेस, जो आधी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत जहाजावर चित्रकार होता. त्याने ताजला निळ्या जमिनीवरच्या निर्दोष मोत्याची उपमा दिली, आणि ती उपमा पुढच्या प्रत्येकाने थोडी थोडी वापरली. हॉजेसचं आमच्याकडे फार काही नाही. पण डॅनियल काका-पुतण्यांचं भरपूर आहे.

थॉमस डॅनियल, काका, चाळिशीला टेकलेला. विल्यम, पुतण्या, विशीच्या आतला. १७८६ ला कलकत्त्याला उतरले, तिथे शहराची बारा दृश्यं छापून विकली, थोडे पैसे जमवले, आणि निघाले वर. जानेवारी १७८९ मध्ये आग्र्यात पोचले. आता जरा कान द्या, कारण हा भाग इंग्रजी फिल्म्समध्ये येतच नाही. त्या वेळी आग्रा कोणाच्या ताब्यात होतं? महादजी शिंद्यांच्या. पाटीलबाबांच्या! म्हणजे जगभर ताजचं जे रूप पोचलं, ज्या चित्रांवरून साहेबांनी आपल्या दिवाणखान्यात बसून हिंदुस्थान पाहिला, त्याचा पहिला कच्चा आराखडा मराठ्यांच्या आग्र्यात बसून पेन्सिलीने काढला गेला. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, रेकॉर्डिंगवाल्याने दोनदा टोकलं, पण राहू दे.

ही पेटी बघा. कॅमेरा ऑब्स्क्युरा. पुढे भिंग, आत तिरका आरसा, वर काच. समोरची इमारत त्या काचेवर उतरते, तुम्ही वर पातळ कागद ठेवायचा, डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि गिरवायचं. जादू वगैरे काही नाही, शाळेतलं पोरगंही करेल. पण घुमटाचा फुगवटा, मिनाराची उंची, कमानीचं माप, हे सगळं डोळ्याच्या अंदाजाने नाही तर भिंगाने ठरायला लागलं. आम्ही ही पेटी पुठ्ठ्याची बनवून मेहताबबागेत लावून पाहिली. हात थरथरला की मिनार वाकडा. अर्थात खरे मिनारही अगदी सरळ नाहीतच, बाहेरच्या बाजूला किंचित कललेले आहेत, पडलेच तर कबरीवर पडू नयेत म्हणून, असं म्हणतात.

आता इथून पुढची काही मिनिटं माझी सगळ्यात आवडती. विलायतेला परत गेल्यावर या दोघांनी १८०१ मध्ये ताजची दोन मोठी दृश्यं छापली, एक नदीकडून, एक बागेतून, सोबत बागेचा आराखडा. पद्धत ॲक्वाटिंट. ही कशी करतात ते नुसतं बोलून कळत नाही म्हणून एका छापकाम करणाऱ्या बाईंकडून आम्ही लहानशी प्लेट करून घेतली.

तांब्याचा पत्रा. आधी घासून आरशासारखा. मग त्यावर मेणाचा लेप, लेपावर सुईने रेघा, आणि आम्लात बुडवला की जिथे सुई फिरली तिथेच तांबं खाल्लं जातं. ही झाली नुसती बाह्यरेषा. खरी गंमत पुढे. लेप पुसायचा आणि पत्र्यावर राळेची बारीक पूड बसू द्यायची, अगदी धूळ बसते तशी, फुंकर पण नाही मारायची. मग खालून ऊब. बघा, बघा, पांढरट पूड एकदम पारदर्शक झाली, वितळून चिकटली. आता पत्रा आम्लात गेला की कणांच्या मधल्या फटीतून तांबं खाल्लं जाणार आणि हजारो बारीक खड्डे पडणार, त्यात शाई बसणार, आणि कागदावर रेघ नाही तर छटा उमटणार. धुक्यासारखी.

पण आम्लात घालायच्या आधी बाईंनी काय केलं ते पाहिलंत? ब्रशने वार्निश घेतलं आणि घुमट झाकून टाकला. मिनार झाकले. पूर्ण इमारत झाकली. कारण जे पांढरं हवंय त्याला आम्ल लागताच कामा नये. मग पत्रा काही सेकंद आत, बाहेर, धुवायचा, आता फिकट आभाळ झाकायचं, परत आत, बाहेर, धुवायचा, मग झाडांचा उजेडाकडचा भाग झाकायचा, परत आत. जितका वेळ आम्लात तितकं गडद. असं करत करत शेवटी नुसती झाडांच्या बुंध्याजवळची सावली उघडी राहते. आणि या सगळ्या वेळात ताजला कोणी हात लावलेला नाही. शाई भरून, मलमलीने पुसून, ओल्या कागदावर दाबून काढला (हा आवाज ऐका, प्रेसच्या चाकाचा) की जो शुभ्र ताज दिसतो तो छापलेला नाहीच. तो कागद आहे, नुसता कोरा कागद, ज्याच्या भोवतीचं सगळं छापलंय. डॅनियलांच्या ठशांवर नंतर हाताने थोडा रंग चढवायचे, तरी उजळ भाग तो कागदाचाच.

एक गोष्ट राहिली. छापलं की चित्र उलटं होतं, डावं उजवं होतं, त्यामुळे पत्र्यावर आधीच उलटं काढावं लागतं. ताजच्या बाबतीत उलटं काढायला विसरलात तरी चालेल, कोणाला कळणार नाही, कारण डावीकडे मशीद तर उजवीकडे तिचा अगदी तस्साच जोडीदार, जवाब, नुसता तोल सांभाळायला बांधलेला. फसवेल ती फक्त सावली. ती सकाळची आहे की संध्याकाळची, तेवढ्यावरून पकडले जाल.

पण आत गेलात तर लगेच कळेल. मुमताजची कबर बरोब्बर मधोमध आणि शाहजहानची एका बाजूला, पश्चिमेला, आकाराने मोठी. अख्ख्या परिसरात तोल बिघडवणारी ठळक गोष्ट ही एवढीच. आत शूटिंगला परवानगी नसते, व्हिडिओ बाहेरच्या बाजूनेच घेता येतो, त्यामुळे मी तुम्हाला आत नेतो ते या चित्रांतून.

१८०३ मध्ये आग्रा शिंद्यांकडून कंपनीकडे गेलं. गोरे अधिकारी आले, त्यांच्या मडमा आल्या, त्यांना घरी न्यायला काहीतरी हवं होतं, आणि आग्र्यातले नक्शानवीस, चितारी, ज्यांना आता बादशाही आश्रय उरला नव्हता, ते कामाला लागले. विलायती कागद, विलायती जलरंग, पट्टी, कंपास. ही बघा कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी. आता झूम करतो. अजून. अजून थोडं. एकेक पाकळी वेगळी रंगवलीये. अकीकचा लाल वेगळा, लाजवर्दचा निळा वेगळा, एकाच फुलात पाकळीच्या बुडाशी गडद आणि टोकाला फिकट, कारण मूळ पच्चीकारीत दगडच तसा निवडून बसवलाय. डॅनियल तिथे थोडेच दिवस होते, पेटी लावली, गिरवलं आणि पुढच्या गावाला गेले. हा माणूस रोज यायचा. एकच फूल दहा कबरींवर, दहा भिंतींवर मोजून काढलेला हात आहे हा, आणि तो पट्टीने नाही निघत.

आणि पांढरा? इथेही लावलेला नाही. कागद कोराच सोडलाय, फक्त कमानीच्या खोलगट भागात राखाडीचा एक पातळ हात. डॅनियलांच्या मोठमोठ्या ठशांवर सगळे बोलतात, पुस्तकं आहेत, लिलाव होतात. हे कागद मात्र संग्रहालयांच्या यादीत ‘आग्र्याचा एक चित्रकार’ एवढ्यावर आटोपतात. नाव टिकलंय ते थोड्यांचं. सीताराम घ्या. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज १८१४-१५ मध्ये कलकत्त्याहून होड्यांचा ताफा घेऊन वर पंजाबच्या बाजूला गेला, सोबत हा बंगाली चित्रकार. दहा आल्बम भरतील एवढी जलरंगातली चित्रं काढली त्याने, त्यात आग्रा आहे, ताज आहे. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हे झाड बघा कसं काढलंय, ओल्यावर ओलं, एका दमात. त्याच्या आयुष्याबद्दल मात्र सांगण्यासारखं जवळजवळ काही हाती लागत नाही. मी डॅनियलांवर इतका वेळ घालवला आणि याला अर्धा मिनिट, हे मलाही दिसतंय. तांब्याच्या पत्र्याचं फुटेज होतं, याचं नाही.

हस्तिदंताच्या नखाएवढ्या चकत्यांवरचे ताज, ब्रोचमध्ये बसवायचे, हे दिल्लीच्या चिताऱ्यांचे. संगजिऱ्याच्या छोट्या प्रतिकृती. हे सगळं घाऊक निघायचं. छान आहेत, पुढे.

फोटो. डॉक्टर जॉन मरे, कंपनीचा सर्जन, आग्र्यात नोकरीला. साधारण १८४९ पासून त्याला हा नाद लागला. मेण लावलेल्या कागदाच्या भल्यामोठ्या निगेटिव्ह. ही त्यातली एक, सगळं उलटं, काळा ताज. आणि हिच्यात जुनी भानगड परत आली. तेव्हाच्या रसायनाला निळा रंग फार पटकन लागायचा, आभाळ पार जळून जायचं, म्हणजे पांढऱ्यासमोर पांढरं, आमच्या पहाटेच्या शॉटसारखंच. मग त्या काळचे फोटोवाले निगेटिव्हवरचं आभाळ शाईने काळं करून टाकायचे, निदान डाग तरी नकोत. म्हणजे शेवटी ब्रश हातात घ्यावाच लागला.

या जुन्या फोटोंत अजून एक दिसेल. झाडं! घुमट निम्मा झाकलाय, मिनार शोधावे लागतात, बाग म्हणजे राईच. आज जे हिरवळीवरून सरळ दिसतं ते व्हाइसरॉय कर्झनच्या काळातलं, त्याने झाडं काढायला लावली. मुघलांच्या वेळी बाग कशी होती ते ना या राईवरून कळतं ना त्या हिरवळीवरून. आणि संगमरवर पिवळा पडतोय, मातीचे लेप देऊन साफ करतात, ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल.

रशियाचा व्हेरेशचागिन, १८७० च्या दशकातला, भर उजेडातला ताज, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत. आणि हा जपानचा हिरोशी योशिदा, १९३० च्या सुमारास भारतात आला, लाकडी ठशांतून ताज छापला. सकाळचं धुकं. चांदणी रात्र. या चांदण्यात पांढरा कुठेच नाही, सगळा निळा आहे, तरी ताज पांढराच वाटतो. या दोन फ्रेम जरा जास्त वेळ ठेवल्यात, माफ करा.

शेवटचं चित्र छोटंसं आहे, वहीच्या पानापेक्षा फार मोठं नाही. १९०२, अवनींद्रनाथ ठाकूर. आज कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये. आग्र्याच्या किल्ल्यात म्हातारा शाहजहान पलंगावर, पायाशी त्याची मुलगी जहांआरा. त्याचा चेहरा आपल्याला नीट दिसतच नाही, तो तिकडे वळलाय. अवनींद्रनाथांची लहान मुलगी त्याच सुमारास कलकत्त्याच्या प्लेगमध्ये गेली होती.

लाकडी फळीवर तैलरंग आहेत. फळी कोरी सोडून चालत नाही, पांढरा लावावा लागतो. तो त्यांनी लावलाय, वर कोपऱ्यात, लांब.

(इथून पुढे निवेदन नाही. चित्र राहू दे.)