एकटं पाडू द्यायचं नाही

मित्रहो, आज ९ डिसेंबर. आपण बसलोय त्या शाहू स्मारक भवनातून चालत जाण्याइतक्या अंतरावर बिंदू चौक आहे. १९५० साली याच तारखेला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढं १९९८ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं एक जाहीरनामा मंजूर केला. मानवी हक्कांसाठी झटणं, एकट्यानं किंवा चारचौघांबरोबर, हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं त्यात म्हटलंय. पहिली तारीख कोल्हापूरला पाठ आहे. दुसरी सहसा कुणाला आठवत नाही, म्हणून मी आज तिच्याबद्दल बोलणार आहे.

कार्यकर्त्याचा छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोळी येते, नाहीतर तुरुंग. त्याची सुरुवात फार साध्या गोष्टींनी होते. एका वाडीतल्या बाईंचं सांगतो. नाव, गाव सांगत नाही, त्यांना अजून तिथंच राहायचंय. स्मशानाकडं जाणारी वाट अडवली म्हणून वस्तीतल्या लोकांनी तक्रार केली, पुढं उभ्या राहिल्या या बाई. शिवीगाळ झाली, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात दूध संस्थेत त्यांच्या म्हशीच्या दुधाला फॅट लागेना. मग दूध घेणंच बंद. मग गिरणीत दळण घेईनात. मग मुलावर उलटी फिर्याद, तीही जबरी चोरीची. बाई माझ्यापुढं बसून म्हणाल्या, "वकीलसाहेब, आता दूध काय वढ्याला वतू?"

त्यांच्याकडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. त्यात दूध संस्थेचं कार्ड होतं. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, अशा रकान्यांत निळ्या पेनानं भरलेलं. गुन्हा दाखल झाल्यावर चार दिवसांनी नोंदी थांबल्या होत्या, खाली सगळे रकाने कोरे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केलाय. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण बहिष्कार घालणारा लिहून देत नाही, त्यामुळं सिद्ध करायचा कसा, हा प्रश्न असतो. इथं ते कार्ड बोलत होतं. बाईंनी ते टाकून दिलं नव्हतं, कारण महिन्याचा हिशेब राहिला होता.

आता अशा माणसाला साथ देणारी मोहीम यात कुठं आली? दुसऱ्या गावच्या एका संस्थेनं त्यांचं दूध घ्यायला सुरुवात केली. तिथल्या चार पोरांनी पाळी लावून मोटरसायकलवरून कॅन नेला. मोर्चा नाही, फोटो नाही. माझ्या मते त्या खटल्यातलं सगळ्यात मोठं काम त्या पोरांनी केलं, मी नव्हे. घरात पैसा येत राहिला म्हणून बाईंनी तडजोडीच्या कागदावर अंगठा उठवला नाही. ॲट्रॉसिटीच्या किती केसेसमध्ये साक्षीदार फितूर होतात, हे कोर्टात बसणाऱ्याला माहीत आहे. ते भित्रे नसतात. त्यांचं दूध कुणी घेत नसतं.

हे कोल्हापूरला नवीन नाही. गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना चहाचं हॉटेल घालायला मदत केली. गिऱ्हाईक येईना, तेव्हा स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले आणि सोबतच्यांना पाजला. न्याय दिला आणि माणूस एकटा राहिला, तर तो न्याय टिकत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडावं लागलं. आणि आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते.

याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी येताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला पानसरे अण्णा गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, नंतर ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला प्रा. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरला गौरी लंकेश. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. जवळजवळ अकरा वर्षं. या अकरा वर्षांत दर महिन्याच्या २० तारखेला पुण्यात पुलावर माणसं उभी राहिली. आपल्याकडं निर्भय मॉर्निंग वॉक निघाला. काही जण तेव्हा विचारायचे, चालून काय होतं? ज्या फिरण्याच्या वेळेवर पाळत ठेवून अण्णांना गाठलं, त्याच वेळेला रस्ता माणसांनी भरला. हे मी कमी मानत नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगतो, काहींना आवडणार नाही. अण्णांच्या खुनाच्या खटल्यातल्या आरोपींनाही चांगला वकील मिळाला पाहिजे, जामीन मागता आला पाहिजे. आपण हक्क मागतो ते माणूस बघून मागत नाही. उद्या आपल्या पोराला हीच कलमं लागतील.

फादर स्टॅन स्वामींचं उदाहरण घ्या. झारखंडमध्ये आदिवासींसाठी आयुष्य घालवलेला माणूस. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात अटक, वय ८३. पार्किन्सनमुळं हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. तळोजा तुरुंगात त्यांनी नळी आणि सिपर मागितला. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि आठवडे गेले. तेव्हा देशभरातून लोकांनी तपास यंत्रणेच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. शेवटी सिपर मिळाला. जामीन मिळाला नाही. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीतच, मुंबईत रुग्णालयात गेले. खटला सुरूही झाला नव्हता. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळते आणि जामिनाची अट इतकी कडक आहे की प्रक्रिया हीच शिक्षा होऊन बसते. अशा कायद्याविरुद्ध बोलायला आपल्या घरातलं कुणी आत जाईपर्यंत थांबू नका.

मोहिमेनं काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी डी. के. बसूंचं पत्र सांगतो. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडं लक्ष वेधणारं पत्र सरन्यायाधीशांना लिहिलं. पत्रालाच याचिका मानलं गेलं. निकाल १८ डिसेंबर १९९६ ला. अटकेच्या वेळी पंचनामा करा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा, हे सगळं त्या निकालातून आलं आणि पुढं कायद्यातही शिरलं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे तर राज्यघटनेच्या २२ व्या कलमातच आहे.

पण हे नियम कागदावरून ठाण्यात आपोआप येत नाहीत. रात्री अकराला कुणाला उचललं, तर ठाणे अंमलदारासमोर उभं राहून शांतपणे विचारायचं, अटक दाखवलीय का, किती वाजता, कुठल्या कलमाखाली, स्टेशन डायरीला नोंद आहे का. आवाज चढवायचा नाही. वेळ लिहून घ्यायची. दोघं बाहेर थांबले आहेत हे आतल्यांना दिसलं, की मारहाण टळते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आंदोलनाआधी कार्यकर्त्याच्या घरी पोलिसांची प्रतिबंधक नोटीस येते. तिला सगळे अजून कलम १४९ चीच म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ झालीय. घरातली म्हातारी घाबरते. तिच्याजवळ जाऊन बसायचं, नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे हे समजावायचं, प्रत जपून ठेवायची. कारण अशाच कागदांची चळत पुढं तडीपारीच्या प्रस्तावाला जोडली जाते.

१४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळ गजापुरात मुस्लिमांची घरं फोडली. ज्यांचा कशाशी संबंध नव्हता अशांची. त्यानंतर डबे, भांडी, पुस्तकं घेऊन जी माणसं तिथं गेली, त्यांतली काही आज या सभागृहात आहेत. मदत पोचली, बातमी संपली, आणि मग तारखा सुरू झाल्या. तारखांना गर्दी नसते. खरी गरज तिथंच आहे.

ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. चाळीस वर्षांची मागणी. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, दिवसाची मजुरी आणि वकिलाची फी, म्हणून कित्येकांनी दाद मागितलीच नाही. आता सहा जिल्ह्यांतली माणसं इथं येतील. सिंधुदुर्गातली, सोलापुरातली. त्यांना उतरायला जागा लागेल, मराठीत अर्ज वाचून दाखवणारं माणूस लागेल, जेवणाचा डबा लागेल. जातवार वसतिगृहं उभारून शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोरांची सोय केली. पक्षकारांची सोय आपण करायची आहे.

दाराशी दोन वह्या ठेवल्यात. एकीत कोर्टाच्या तारखेला नुसतं येऊन बसू शकणाऱ्यांनी नाव, फोन आणि आठवड्यातला मोकळा वार लिहावा. वकील असण्याची गरज नाही, निवृत्त माणसं चालतील, विद्यार्थी चालतील. दुसरीत ज्यांच्या घरी एखादी खोली किंवा जास्तीचं अंथरूण आहे त्यांनी लिहावं. त्या बाईंच्या खटल्याची पुढची तारीख पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्या दिवशी त्यांची साक्ष आहे, सकाळी साडेदहाला यायचंय.